भाऊजींची साठी आणि मुखपृष्ठावरची रिकामी ओळ

गेल्या मंगळवारी पुण्याहून कुरिअरनं आलेल्या वस्तू येणेप्रमाणे. गौरवग्रंथाच्या कच्च्या छपाईचा गठ्ठा एक, वजन दोन किलोच्या वर. शाल एक, किंमत साडेसातशे. चिठ्ठी काढायची राहून गेली होती म्हणून कळली. मानपत्राची सोनेरी चौकट एक, आत कागद नाही, काच तडकलेली. मुखपृष्ठाचा नमुना एक. श्रीफळ एक. कुरिअरचा खर्च चारशे दहा, तो आमच्या दारात वसूल झाला. नारळ चिखलीच्या बाजारात तीस-पस्तीस रुपयांना मिळतो. तो पुण्याहून कशाला पाठवला, असं संपादक सुहासरावांना मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, "सत्काराचं सगळं एकत्र असावं म्हणून, मावशी." शाल मी उघडून पाहिली. ती भाऊजींच्या एका खांद्यावरून निघते, दुसऱ्या खांद्याशी पोचते आणि तिथंच संपते. ज्यांच्या अंगापिंडाबद्दल आणि तशाच अंगापिंडाच्या माणसांबद्दल तुम्ही दोनशे पानांचा ग्रंथ काढता, त्यांच्या मापाची शाल घ्यायचं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

ते असो. नमुन्यावर भाऊजींचं पाठमोरं चित्र आहे, वर 'साठीनिमित्त गौरवग्रंथ' असं छापलं आहे, आणि खाली एक ओळ रिकामी सोडली आहे. त्या ओळीत नाव यायचं. श्यामराव सातपुडे हे टोपणनाव घालायचं की त्यांचं आईबापांनी ठेवलेलं खरं नाव, ह्यावर ग्रंथ तीन महिने अडून बसला आहे. सगळ्यांचे लेख आले, माझाच राहिला होता. तो आता लिहिते, आणि ग्रंथात छापण्याआधी नेहमीच्या पाकिटातून तुम्हां सर्व वाचकांना पाठवते. कारण ती ओळ कशी भरायची हे तुमच्या हातात आहे. ते कसं, ते पुढे येईल.

मी मॅट्रिक झालेली बाई. माझा ह्या ग्रंथात काय संबंध, असं नवीन वाचकांना वाटेल. तर श्यामराव सातपुडे चोवीस वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहतात. नात्याचे कोणी नव्हेत, पण मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात. त्यांच्या 'ऐसपैस' ह्या त्रैमासिकाची पाकिटं मी भरते. तुमच्या घरी पाकिटावर जिचं अक्षर येतं ती चिखलीची मावशी मीच.

पहिली ओळख जिन्यातली. भाऊजी तेव्हा इथल्या शाळेत मराठीचे शिक्षक म्हणून बदलून आले होते. खोली पाहायला आले, हातात पत्र्याची पेटी, आणि आमचा जिना जुना, चिंचोळा. पेटीसकट मधेच अडकले. ना वर, ना खाली. मी खालून विचारून घेतलं, कारण नंतर विचारायची सोय राहील की नाही कोण जाणे.

"कुटुंब कुठी आहे?"

"नाही."

"करायचं आहे?"

"नाही."

"मंग सयपाक?"

"तो येते मले. पण ताई, आधी ही पेटी कोणी ओढन काय?"

आमच्या ह्यांनी वरून पेटी ओढली. खोली दिली. संध्याकाळी हे मला म्हणाले, "माणूस चांगला दिसते."

मी म्हटलं, "काऊन?"

"अर्धा तास जिन्यात अडकला, तरी शिवी देल्ली नाही."

पहिल्या महिन्यात आमची लाकडी खाट मोडली. त्यांनी लोखंडी आणली आणि मोडकी स्वतः दुरुस्त करून खाली आणून दिली. तिच्यावर हे अजून बसतात. चार वर्षं अशी गेली. भाऊजी शाळेत जात, वह्या तपासत, शनिवारी सोनाळ्याला आईकडे जात. वर टेबलाशी काही लिहीत असत. मला वाटलं, पाठ्यपुस्तकाचं काही असेल.

पाचव्या वर्षी काय घडलं ते लिहिते. सुहासराव म्हणाले की प्रांजळ लिहा, म्हणून प्रांजळच लिहिते. एका सकाळी पस्तिशीचे एक धिप्पाड गृहस्थ हातात पिशवीही नसताना भाऊजींकडे आले आणि वर राहिले. तीन दिवस वरून ताटं भरलेलीच परत आली. अन्न टाकलेलं मला खपत नाही. चौथ्या दिवशी मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हटलं, जेवायचं नसेल तर सांगा, मी कणीक कमी भिजवते. तेव्हा भाऊजी खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ते स्वतः कोण आहेत, त्यांचा जीव बाईवर नाही, पुरुषावर कसा जडतो, वर काय लिहितात, 'ऐसपैस' म्हणजे काय. त्याचा तिसरा अंक खाकी पाकिटातून वाशीमकडे गेला होता. तो ह्या गृहस्थांच्या वडिलांनी फोडला आणि मुलाला अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं.

आधी मला काही समजलंच नाही. समजलं तेव्हा मी देवघरात जाऊन बसले आणि दोन दिवस वर चहा पाठवला नाही. ह्यांनाही मीच सांगितलं. हे पान लावत होते. लावता लावता म्हणाले, "मंग आपल्याले काय करायचं? माणूस टायमावर भाडं देते. दारू पीत नाही. तुह्या भावापेक्षा बरा आहे." माझ्या भावाला मधे आणायचं काही कारण नव्हतं. पण शेगावच्या महाराजांपुढे बसून मी विचार केला, तेव्हा मला राग कशाचा आला आहे ते उमगलं. मला पाकिटाचा राग आला होता. मी वर गेले.

"खाकी पाकीट, टाइप केलेला पत्ता, अन् पाठवणारा परका माणूस. असं पाकीट तं मी बी फोडलं असतं. कोर्टाचं असन म्हनून."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी काय चिंधीत बांधून पाठोलं पाह्यजे होतं?"

"बाईले विचाराले पाह्यजे होतं. भरल्या घरात कोनतं पाकीट कोनी फोडत नाही, ते बाईले मालूम असते."

तेव्हापासून पद्धत सुरू झाली ती आजतागायत आहे. पांढरं पाकीट. पत्ता माझ्या अक्षरात. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. 'चि. अमुक यांस, चिखलीच्या मावशीकडून. प्रसाद आहे. ज्याच्या नावाचा त्यानेच आंघोळ करून उघडावा.' देवाच्या नावानं खोटं मी लिहिणार नाही. म्हणून प्रत्येक अंकाआधी मी एस.टी.नं शेगावला जाते, दर्शन घेते, अंगारा आणते आणि प्रत्येक पाकिटात त्याची पुडी घालते. भाऊजी देवाला हात जोडत नाहीत, पण एकशे बारा पुड्या तेच बांधतात, आणि माझ्यापेक्षा नीट बांधतात. एकोणीस वर्षांत एकही पाकीट परक्या हातानं फुटलं नाही. एक अपवाद आहे, तो पुढे सांगते.

तरुण वाचक मला फोनवर सांगतात, "मावशी, छापता कशाला, पीडीएफ पाठवा ना." अरे बाबांनो, तुमच्या घरात फोन कोणाच्याही हातात जातो. बायको घेते, पुतण्या घेतो, आई गॅसचा नंबर लावायला घेते. प्रसादाला मात्र कोणी हात लावत नाही. हे मी प्रत्येकाला वेगवेगळं समजावते. ते "बरोबर आहे" म्हणतात आणि पुढच्या अंकाला पुन्हा विचारतात. शिवाय घर बदललं की पत्ता कळवत नाहीत. कळवला तर पिनकोड नसतो.

आता त्यांच्या लेखनाविषयी. 'ऐसपैस'मधली माणसं अंगानं थोराड, पोट सुटलेली, छातीपाठीवर केस, दाढीमिशा राखलेली, वयानं उतरणीला लागलेली. आणि त्यांचा जीव पुरुषावर जडतो. काहींचा बाईवरही जडतो आणि पुरुषावरही. इंग्रजीत अशांना बेअर, म्हणजे अस्वल म्हणतात आणि जगभर त्यांची मंडळं आहेत, लेखक आहेत, हे मला भाऊजींकडून कळलं. तरुणपणी ते शहरातल्या बैठकींना जाऊन आले होते. तिथली सडपातळ, गुळगुळीत मुलं ह्यांच्याकडे कोणाचे तरी काका चुकून आत आल्यासारखं बघायची. कोणी पाणी विचारलं तर तेही काका म्हणून. तिथून परत येताना गाडीत त्यांनी पहिली कथा लिहिली. पुण्याकडच्या मित्रांनी पुढे सुचवलं की मासिकाचं नाव 'अस्वल' ठेवा. भाऊजी सोनाळ्याचे, बोरांच्या दिवसांत सातपुड्यातून अस्वल तिथं शेतात उतरतं. ते म्हणाले, "माह्या चुलत्याचा अर्धा गाल अस्वलानं नेला. हे नाव मी छापलं तं घरचेच मले जोड्यानं मारतीन." म्हणून 'ऐसपैस'.

त्यांच्या सहाही पुस्तकांची मुद्रितं मी वाचली आहेत. मतं माझी मला आहेत. एका कथेत मेहकरचा शिंपी एका थोराड गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतो आणि टेप पुरत नाही, तेव्हा तो राहिलेलं अंतर वितीनं मोजतो. बस, तेवढीच कथा. वाचून मी चष्मा पुसला. दुसऱ्या एका कथेत मात्र एका कंडक्टरच्या पोटाचं वर्णन दीड पान चाललं आहे. मी म्हटलं, भाऊजी, इथं कागद वाया गेला. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, ह्या पोटावर आजपर्यंत कोनी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सगळ्यांचं थकलेलं मी एकदाच फेडून राह्यलो."

लेखक घडवण्याचं त्यांचं काम मोठं आहे, आणि त्याचा ताप आम्हां दोघांना आहे. खामगावचे एक मिठाईवाले, अकोल्याचे एक बँकेतले शिपाई, अशांच्या हाती त्यांनी पेन दिलं. लेख कसा येतो म्हणता? पानाच्या दोन्ही बाजूंनी, समासाशिवाय, मधे तेलाचा डाग. भाऊजी शाळेतल्यासारखी लाल शाई घेऊन बसतात. मिठाईवाल्यांनी पहिल्या कथेत नायक सडपातळ लिहिला होता, स्वतःचीच गोष्ट असून. भाऊजींनी ती कथा परत पाठवली, खाली एक ओळ लिहून: 'नायकाचं वजन खरं लिहा, मग बाकीचं आपोआप खरं होईल.' मिठाईवाले रागावले. दोन अंक त्यांनी काही पाठवलं नाही. तिसऱ्या वेळी कथा आली, नायक शंभर किलोच्या वरचा, आणि आपल्या सगळ्यांच्या मते ती त्यांची सगळ्यात चांगली कथा आहे. ह्या नादात अंक मात्र दोन महिने उशिरा निघाला. वाचकांची पत्रं मला आली, मावशी प्रसाद का नाही म्हणून. भाऊजींना काय, ते लाल शाईत बुडालेले.

अंक उशिरा निघण्याचं दुसरं कारण म्हणजे देव्हारा. एक वाचक कामानिमित्त परगावी होते, तेव्हा त्यांचं पाकीट घरी आलं. 'ज्याच्या नावाचा त्यानेच उघडावा' हे त्यांच्या आईनं इतकं मनावर घेतलं की पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं आणि अकरा दिवस रोज त्याला फूल वाहिलं. मुलगा परत आला तेव्हा त्याला आंघोळ करायला लावली, पाटावर बसवलं, शेजारच्या दोन बायका बोलावल्या आणि म्हणाली, आता उघड. त्या गृहस्थांनी पुडी काढली, सगळ्यांच्या कपाळाला अंगारा लावला, आणि उरलेलं काय आहे असं विचारल्यावर म्हणाले, पोथी आहे, एकट्यानं वाचायची आहे. आई अजून दर तीन महिन्यांनी विचारते, "पोथी वाचली काय रे?" हे त्यांनी आमच्या अंगणात सांगितलं तेव्हा बाकीचे हसून हसून आडवे झाले. भाऊजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, आपला अंक अकरा दिवस देव्हाऱ्यात राह्यला. आता त्याच्यात कसंबी लिहून चालत नाही." आधीच हळू काम करणारा माणूस, तेव्हापासून एकेक ओळ पाच वेळा लिहू लागला. देवाला न मानणाऱ्या माणसानं एवढं मनाला लावून घेतलं, त्याला मी काय बोलणार?

आता तो अपवाद. एका वाचकाला ताप आला होता. त्यांच्या बायकोनं विचार केला, नवरा आंघोळ करू शकत नाही, प्रसाद वाया जायला नको, तर नवऱ्याच्या नावानं आपण करू. तिनं आंघोळ केली, पाकीट उघडलं आणि अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चार दिवसांनी ती पत्ता शोधत आमच्या ओट्यावर येऊन बसली. सुती साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.

"तुमी चिखलीच्या मावशी काय?"

"हो."

"माह्या सासूले बहीनच नाही. मी विचारलं." मग म्हणाली, "तुमी बाई असून हे करता? अंगारा घालून?"

तुम्हां लोकांना सांगते, तो प्रश्न खरा तुम्हाला होता. तुम्ही घरच्यांची तोंडं बंद करायला लग्नं करता, आणि त्याचा हिशोब एखादी पोरगी माझ्या ओट्यावर येऊन मागते. मी तिला पाणी दिलं. तेवढ्यात भाऊजी जिन्यावरून उतरले. मी डोळ्यांनी खूण केली की वरच थांबा. थांबले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तुमी कोन?" तिनं विचारलं.

भाऊजींनी आपलं खरं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, गावासकट, शाळेसकट. म्हणाले, "अन् श्यामराव सातपुडे मीच. तुमी वाचलं ते मी लिहिलं. मावशीचा दोष नाही. तुमाले शाळेत जाऊन माह्याबद्दल सांगायचं असन, तं हेडमास्तरचं नाव बी देतो."

तिनं मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, "लग्नाले आठ वर्षं झाली. त्याच्यात खरं नाव सांगनारे तुमीच भेटले." नंतर ती रडली नाही, ओरडली नाही. जेवून गेली. शाळेत सांगायला ती कधी गेली नाही. आता ती आणि तिचा नवरा वेगळे राहतात, मुलीचं दोघं मिळून बघतात, आणि त्यांचं पाकीट दुकानाच्या पत्त्यावर जातं, हळदीकुंकवाशिवाय. भाऊजींनी पुढच्या अंकात तिच्या बाजूनं कथा लिहिली, तिला आधी वाचायला पाठवून. आणि लग्न न झालेल्या प्रत्येक वाचकाला आजही ते स्वतःच्या अक्षरात पत्र लिहितात की घर गप्प बसवायला कोणाच्या मुलीला आणू नका. तुमच्यापैकी काहींनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि मला लग्नाची पत्रिका पाठवली, मावशी नक्की या म्हणून. मी गेले नाही. आहेरही पाठवला नाही.

त्यांनी माझ्यावर केलेल्या उपकारांपैकी एकच सांगते. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दीड महिना वाचायला मनाई होती. रोजचा अध्याय चुकला तर मला अन्न गोड लागत नाही. भाऊजी रोज शाळेत जाण्याआधी खाली येऊन पाटावर बसून पोथी वाचायचे. वर्गात वाचतात तसं, खणखणीत. मधेच थांबून म्हणायचे, "इथी एक मात्रा जास्त झाली." मी म्हणायची, पुढं चला, महाराजांना चालते. एकवीस अध्याय त्यांनी असे दोनदा वाचले, आणि एकदाही असं म्हणाले नाहीत की मी हे मानत नाही. आमच्या ह्यांचा पाय मोडला तेव्हा त्यांना दवाखान्यातून घरात उचलून आणायला तुमच्यापैकी चौघे आले होते. हे अजून सांगतात, एवढ्या आरामात मी लग्नाच्या वरातीतही बसलो नव्हतो.

आता त्या रिकाम्या ओळीकडे येते.

दर वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या अंगणात तुमचं स्नेहसंमेलन होतं. गल्लीला आम्ही सांगतो, मावशीचं प्रसादाचं मंडळ. वीस-पंचवीस दणकट माणसं येतात, पिठलं-भाकरीचा आणि वांग्याच्या भाजीचा फडशा पाडतात, कथा वाचतात, एकमेकांच्या दाढ्यांची चेष्टा करतात. समोरच्या शोभाबाई मागच्या वर्षी मला म्हणाल्या, "काकू, तुमच्या मंडळात उपास कोनी करत नाही वाटते." मी म्हटलं, "करतात, एकादशीले. पन दुसऱ्या दिवशी वसूल करतात." त्या हसल्या. गल्लीला तुमचे चेहरे पाठ आहेत. कोण कुठल्या गाडीनं येतो, कोणाचं दुकान कुठं, हेही बऱ्याच जणांना माहीत आहे.

सुहासरावांचं म्हणणं, आता कायद्यानं गुन्हा राहिलेला नाही, तेव्हा साठीला तरी माणसानं आपल्या नावानं उभं राहावं. भाऊजी निवृत्त झाले, आई गेली, त्यांना स्वतःला आता भीती कोणाची? मीही तेच म्हटलं. भाऊजी म्हणाले, "कायदा सुहासनं वाचला. आपल्या गल्लीनं कुठी वाचला? माह्यं नाव छापलं, की शोभाबाई दुसऱ्या दिवशी मोजतीन. हा कोन आला होता, तो कोन आला होता. अन् चिखलीच्या मावशीचं पाकीट ज्याच्या घरी गेलं, तो बी गेला. माह्या एका नावापायी एकशे बारा घरं उघडी पडतीन."

"मंग नाव कधी छापायचं?"

"मेल्यावर छापा."

"मेल्यावर हा नारळ कोनाच्या हातात देऊ?"

त्यावर ते उठून वर गेले. मला वाटलं, विषय मिटला, टोपणनाव छापावं. नमुना त्यांच्या टेबलावरून आणायला मी दुसऱ्या दिवशी वर गेले. ते बाजारात गेले होते. नमुना खिडकीशी उजेडात धरला, तेव्हा दिसलं. त्या रिकाम्या ओळीत पेन्सिलीनं त्यांनी आपलं खरं नाव लिहिलं होतं, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात, आणि मग खोडरबरानं पुसलं होतं. एकदा नाही. कागद तिथं पातळ झाला आहे. बोट लावलं की समजतं.

हे मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना माहीत नाही. कळलं तर आठ दिवस खाली उतरणार नाहीत, आणि तो त्रासही मलाच होईल. पण ज्या माणसानं एका परक्या बाईसमोर आपलं नाव गावासकट सांगितलं, तोच माणूस आपल्या ग्रंथावर ते नाव लिहून पुसतो, आणि तुमच्यासाठी पुसतो, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ते तुम्हाला कधी विचारणार नाहीत. विचारलं तर तुम्ही भिडेनं हो म्हणाल, म्हणून. मी विचारते. माझी भीड धरू नका, मी नारळावरून पुण्याशी भांडणारी बाई आहे.

माझ्या पुरतं सांगते. नाव छापलं तर चिखलीची मावशी कोण, हेही गल्लीला कळेल. माझं भजनी मंडळ आहे, गुरुवारची बैठक आहे, शोभाबाई तर समोरच आहेत. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "भजनात घेतलं नाही तं घरी म्हन. तसा बी तुहा आवाज त्याहिच्यापेक्षा बरा आहे." तेव्हा आमच्या घराचा होकार मी वहीत पहिला लिहून ठेवला आहे.

परमेश्वर भाऊजींना उदंड आयुष्य देवो. त्यांची साखर ताब्यात राहो, गुडघे जिना चढू देवोत, डोळे आणखी शंभर आडव्यातिडव्या कथा तपासण्याइतके निर्मळ राहोत, आणि त्यांच्या पंचाहत्तरीला मापाची शाल मिळो. ती मी स्वतः विणून घेईन.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. सोबत पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड आहे, तिकीट लावायचं नाही. त्यावर 'हो' किंवा 'नको' एवढाच एक शब्द लिहावा. नाव, गाव, कारण काही लिहू नये. नको म्हणणाऱ्याला कारण असतंच, ते मला माहीत आहे, आणि कोणी नको लिहिलं ते मला कळणार नाही, भाऊजींनाही नाही. एकशे बारांपैकी एक जरी 'नको' आला, तरी त्या ओळीत श्यामराव सातपुडे हेच नाव छापून येईल आणि हा लेख मी ग्रंथातून काढून घेईन. कार्ड आलंच नाही, तर तेही मी 'नको' धरीन, कारण कोणाच्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा लावायचा अधिकार मला नाही. छापखाना पौर्णिमेपर्यंत थांबायला तयार आहे. तरी कृपा करून आळस न करता, उलट टपाली कळवावे.

तुमची,
चिखलीची मावशी